मुतखड्याचं दुर्बिणीचं ऑपरेशन आणि ऊसतोडीचा हंगाम : प्रकल्प नोंदी

५ सप्टेंबर

धारूर तालुक्यातल्या डोंगरपट्ट्यातल्या गावांसाठी आजपासून काम सुरू केलं. मुतखड्याचं दुर्बिणीचं ऑपरेशन करून जे घरी आलेत, त्यांच्याकडे लक्ष ठेवायचं आणि आतली नळी, म्हणजे स्टेंट, निघेपर्यंत त्यांना सोडायचं नाही. गटात आशाताई, उपकेंद्राच्या सिस्टर आणि मी. अंबाजोगाईचे एक युरॉलॉजिस्ट सर फोनवर सल्ला द्यायला तयार झालेत.

हे सप्टेंबरातच का, तर इकडे खड्याचं ऑपरेशन लोक भादव्यात करून घेतात. कळ सुरू झालेली असते उन्हाळ्यात. पारा चाळिशीच्या वर, पाणी टँकरचं, अंगातलं पाणी घामावाटे जातं, लघवी कमी आणि दाट होते. खडा धरायला आणखी काय लागतं! पण तेव्हा गोळ्या-इंजेक्शनवर दिवस ढकलायचे, पेरणी-खुरपणी उरकायची आणि मग दवाखाना गाठायचा. दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या. स्टेंट काढायची तारीख मिळते साधारण दोन ते सहा आठवड्यांनंतरची, म्हणजे माणूस उसाच्या फडात असतो तेव्हाची. महात्मा फुले जन आरोग्य योजनेमुळे ऑपरेशनचा खर्च सुटला, ही मोठी गोष्ट झाली. अडतं ते त्याच्या पुढं.

रजिस्टर आखलं. शेवटचा रकाना 'स्टेंट निघाल्याची तारीख'. तो भरल्याशिवाय कुणाचंही नाव बंद करायचं नाही, असं तिघींनी ठरवलं.

९ सप्टेंबर

आशाताईंची बैठक. आधी ऑपरेशनं समजावून घेतली, कारण प्रत्येकीच्या गावात वेगळ्या प्रकारचा पेशंट आहे.

किडनीतला खडा दोन सेंटिमीटरच्या वर असेल तर पाठीतून साधारण सेंटिमीटरभर छिद्र पाडून, दुर्बीण आत घालून, खडा फोडून काढतात. हे पीसीएनएल. १९७६ मध्ये याची पहिली वैद्यकीय नोंद झाली. त्याआधी कुशीवर वीतभर चिरा घेऊन किडनी उघडत असत. मूत्रवाहिनीतला खडा असेल तर लघवीच्याच वाटेनं दुर्बीण वर नेऊन लेझरनं फोडतात, त्याला यूआरएस म्हणतात. किडनीतल्या लहान खड्यासाठी वळणारी दुर्बीण असते, ती आरआयआरएस. या दोन्हींत बाहेरून टाका नाही, जखम नाही.

आणि अडचण तिथंच आहे. जखम दिसत नाही म्हणून घरच्यांना वाटतं, काही झालंच नाही. एका आशाताईनं सांगितलं, त्यांच्या गावातल्या पीसीएनएल झालेल्या बाईला सासू चौथ्या दिवशी म्हणाली, "टाका तर एकच हाय, मग कामून झोपून ऱ्हायलीस?" पीसीएनएलमध्ये छिद्र कातडीला बारीक असतं, पण ते थेट किडनीच्या मांसातून गेलेलं असतं आणि किडनीतून सतत रक्त खेळत असतं. बाहेरची जखम आठवड्यात सुकते, आतली सुकायला जास्त दिवस लागतात. बैठकीत हे बोलले तेव्हा सगळ्याजणी गप्प झाल्या. मग एकीनं विचारलं, "मग हे आम्हाला आजवर कुणीच कसं सांगितलं न्हाई?"

१४ सप्टेंबर

डोंगराकडच्या वस्तीवर गेले. पीसीएनएल झालेली पस्तिशीतली ताई, नवऱ्याच्या जोडीनं ऊसतोडीचा कोयता चालवणारी. डिस्चार्ज कार्ड सगळं इंग्रजीत. स्टेंट काढायची तारीख खाली कोपऱ्यात, बारीक अक्षरात, तिच्यावर शिक्का बसलेला. ती तारीख नवऱ्याला माहीत नव्हती, तिला नव्हती, ज्या भाच्यानं सही करून तिला घरी आणलं त्यालाही नव्हती.

नवरा म्हणाला, "नळी काढली की दवाखान्यातच. माझ्यासमोर काढली."

खरंच काढली होती. पीसीएनएल झालेल्या माणसाला बहुतेक वेळा तीन नळ्या असतात. एक पाठीतून बाहेर आलेली, एक लघवीच्या जागेतून पिशवीला जोडलेली आणि तिसरी पूर्ण आत, किडनीपासून मूत्राशयापर्यंत. पहिल्या दोन घरी सोडण्याआधी काढतात. त्या काढताना पेशंट बघतो, नातेवाईक बघतात, सुटल्यासारखं वाटतं. तिसरी कुणाच्या डोळ्यांना दिसतच नाही. एक्स-रे काढला तर पांढरी रेघ दिसते, बस्स. ताईच्या पिशवीत एक्स-रे होता. दारात उजेडाकडे धरून तिला ती रेघ दाखवली. वरचं टोक किडनीत वळलेलं, खालचं मूत्राशयात. ती बराच वेळ बघत राहिली आणि मग एकदम म्हणाली, "म्हंजे हे अजून माझ्या पोटात हाय?"

यापुढं प्रत्येक घरी एक्स-रे असाच उजेडाला धरायचा. तोंडानं कितीही सांगितलं तरी जे पोचत नाही, ते त्या रेघेनं पोचतं.

१८ सप्टेंबर

सरांनी एक न वापरलेला, मुदत संपलेला स्टेंट दिला. निळसर, मऊ, वीतभर लांब, दोनेक मिलिमीटर जाड. आज आठ-दहा बायांच्या हातातून फिरला. टोकं ओढून सरळ केली की सोडल्यावर पुन्हा गोल वळतात. एक आजी म्हणाल्या, "काकडीच्या वेलाचा ताणा जणू." इतकं नेमकं मला सुचलं नसतं. त्या वळणांमुळेच तो जागेवरून सरकत नाही. मूत्रवाहिनी ऑपरेशननंतर सुजते, खड्याचा चुरा खाली येतो. वाट बंद होऊ नये म्हणून तो तिथं ठेवतात.

तो आत असेपर्यंत त्रास होतो आणि तो होणारच, हे आधी सांगणं फार गरजेचं आहे. सारखी लघवीला लागते. खालचं टोक मूत्राशयाला घासतं म्हणून लघवी होऊनही राहिल्यासारखी वाटते. लघवी करताना कुशीत कळ जाते, कारण स्टेंटमुळे लघवी उलटी किडनीकडे चढते. चाललं, वाकलं, ओझं उचललं की लघवी गुलाबी होते. निजलं, पाणी प्यालं की पुन्हा निवळते. यातलं काहीच सांगितलं नसेल तर माणूस घाबरतो आणि 'ऑपरेशन फसलं' म्हणून तिसऱ्याच दवाखान्यात पैसे घालवतो. टॅमसुलोसिनची गोळी कार्डावर लिहिलेली असते ती याच त्रासासाठी. बऱ्याच जणांनी ती 'खडा तर निघाला' म्हणून बंद केलीय.

२३ सप्टेंबर

घरी द्यायच्या कागदाचा मसुदा सरांना वाचून दाखवला. मोठ्या अक्षरात, एकाच पानावर. सगळ्यात वर स्टेंट काढायची तारीख, तिच्याखाली ताबडतोब दवाखाना गाठायच्या खुणा : थंडी वाजून ताप, लघवीत रक्ताच्या गाठी किंवा लालभडक रक्त, लघवी अडणं, गोळी घेऊनही न थांबणारी कळ.

सरांनी एक भर घालायला लावली आणि ती मला फार मोलाची वाटते. पीसीएनएलनंतर रक्त पहिल्या दोन-चार दिवसांत थांबतं, लघवी स्वच्छ होते, माणूस निर्धास्त होतो. आणि मग आठवड्या-दोन आठवड्यांनी अचानक लालभडक रक्त सुरू होऊ शकतं. आतल्या एखाद्या रक्तवाहिनीला फुगवटा आलेला असतो, तो फुटतो. शंभरात एखाद्यालाच होतं, पण ज्याला होतं त्याला त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्यावं लागतं. तिथं रक्तवाहिनीतूनच बारीक तार नेऊन ती जागा बंद करतात. म्हणून कागदावर लिहिलं : 'लघवी एकदा स्वच्छ झाली आणि पुन्हा लाल झाली तर थांबू नका.' पीसीएनएलवाल्यांनी महिनाभर जड उचलायचं नाही. कळशीही नाही. आणि पोट साफ राहील असं खायचं, शौचाला जोर करायचा नाही.

कळशी कोण आणणार, हा प्रश्न प्रत्येक घरात वेगळा सोडवावा लागतोय. एका घरात दीरानं उचलली जबाबदारी. एका घरात दहा वर्षांची मुलगी शाळेआधी दोन खेपा करते. हे मला बरं वाटत नाही, पण आज माझ्याकडे याला दुसरं उत्तर नाही.

२८ सप्टेंबर

रात्री आशाताईचा फोन. यूआरएस झालेल्या काकांना तिसऱ्या दिवशी हुडहुडी भरून ताप, १०२. घरचे म्हणत होते पावसात भिजले असतील, सकाळी बघू. ताईनं ऐकलं नाही, १०८ ला फोन करून अंबाजोगाईला हलवलं. सलाईनमधून अँटिबायोटिक सुरू झालं, आता ताप उतरतोय. खड्यात जंतू दडलेले असतात, खडा फुटला की मोकळे होतात आणि रक्तात शिरले तर काही तासांत माणूस हातचा जातो. ताईनं कागदावरच्या खुणांमधली पहिलीच खूण घरच्यांना मोठ्यानं वाचून दाखवली होती. कागद कामाला आला.

४ ऑक्टोबर

आज नुसतं खाण्यावर बोलणं झालं. या विषयावर प्रत्येकाकडे सल्ला असतो.

सगळ्यात जास्त नुकसान 'दूध बंद' या सल्ल्यानं होतंय. खडा कॅल्शियमचा, म्हणून दूध-दही-ताक बंद, असं साधं गणित लोक मांडतात. होतं उलटं. ऑक्झलेट म्हणजे भाजीपाल्यातून पोटात जाणारा क्षार, लघवीत कॅल्शियमशी जुळला की त्याचा खडा होतो. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच या ऑक्झलेटला धरून ठेवतं आणि संडासावाटे बाहेर काढतं. दूध-ताक बंद केलं की तेच ऑक्झलेट मोकळं होऊन लघवीत उतरतं. ज्यांच्या घरी म्हैस आहे त्यांनीसुद्धा ताक बंद केलेलं मी बघितलं. जेवणासोबत वाटीभर ताक घ्या, फक्त मीठ कमी टाका, असं सांगत फिरतेय.

टोमॅटोच्या बियांना लोक फार घाबरतात; त्यात ऑक्झलेट फारसं नसतं. पालक आणि अंबट चुका मात्र खरंच आवरते घ्यायला हवेत, शेंगदाणेही बेतानं. आणि ज्याचं नाव कुणीच घेत नाही ते मीठ! मीठ जास्त झालं की लघवीतून कॅल्शियम जास्त जातं. भाकरीबरोबर ठेचा, लोणचं, खारवलेली मिरची हेच कालवण असणाऱ्या घरात मीठ किती पोटात जातं, याचा हिशोब कुणी केलेला नसतो.

हुलग्याचं कढण आणि पानफुटीची पानं यांबद्दल विचारणारे खूप. कढण खुशाल प्या, पातळ आहे, पोटात पाणी जातं. पण दोन सेंटिमीटरचा कॅल्शियम ऑक्झलेटचा खडा त्यानं विरघळत नाही, त्याच्या भरवशावर दवाखाना लांबवू नका. लिंबू मात्र चांगलं, त्यातलं सायट्रेट खडा धरू देत नाही.

एका मामांनी आगपेटीत जपून ठेवलेले खडे आणून दाखवले. तांबूस-काळे, काटेरी. तपासणीला पाठवायला सरांनी मागवलेत. खडा कशाचा ते कळलं तर पुढचा सल्ला नेमका देता येतो. मामा देताना जरा नाराज होते, "परत मिळतील ना?"

९ ऑक्टोबर

टोळ्या नेणाऱ्या मुकादमांबरोबर बैठक. चार आले. मजुरांना उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, दिलेली असते, कारखान्याशी करार झालेला असतो, एक कोयता, म्हणजे तोडणारी एक जोडी, कमी पडला की त्यांचं गणित बिघडतं. हे धरूनच बोलले. मागणी दोनच : ज्यांच्या स्टेंटची तारीख दिवाळीच्या आत आहे त्यांना तो काढूनच न्या, ज्यांचं पीसीएनएल महिन्याच्या आतलं आहे त्यांना उसाची मोळी वाहायला लावू नका, बांधणी, म्हणजे मोळ्या बांधायचं काम, द्या.

एक म्हणाले, "ताई, खाडा पडला तर पैशे त्याच्याच अंगावर चढतेत. मी सोडलं तरी हिशोब सोडत न्हाई." दुसरे म्हातारे मुकादम मात्र ऐकून घेत होते. त्यांच्या स्वतःच्या भावाचं खड्यानंच किडनीचं काम बंद पडलंय. त्यांनी त्यांच्या टोळीतली तीन नावं आपणहून लिहून दिली.

१७ ऑक्टोबर

गाड्या निघाल्या. भांडी, पत्रे, शेरडं, पोरं. बहुतेकांचे स्टेंट निघाले आहेत. काहीजण स्टेंट घेऊनच गेले. कुणी सांगलीकडं, कुणी बेळगावकडं. प्रत्येकाला एक्स-रेची प्रत, मराठीत लिहिलेलं पत्र आणि जिथं चाललेत तिथल्या सरकारी दवाखान्याचं नाव लिहून दिलं. ऑपरेशन जिथं झालं तिथंच स्टेंट काढावा लागतो, अशी पक्की समजूत आहे. तसं काही नाही. लघवीच्या जागेत बधिर करणारी जेली घालून, बारीक दुर्बिणीतून चिमट्यानं धरून काही मिनिटांत काढतात. जिथं युरॉलॉजीची सोय आहे तिथं कुठंही होतं.

२४ नोव्हेंबर

फोन रात्री आठनंतरच लागतात. वस्तीवरची ती पीसीएनएलवाली ताई सांगलीकडं आहे. जायच्या घाईत तिची स्टेंटची तारीख चुकली. आज बोलली : मोळी डोक्यावर घेऊन गाडीच्या फळीवर चढलं की संध्याकाळी लघवी लाल. तीस-चाळीस किलोची मोळी. बांधणी द्यायची ठरलं होतं, पण गाडी भरायची वेळ आली की सगळ्यांनीच वाहायचं असतं.

"पाणी किती पिता?" विचारलं तर गप्प. मग हळूच म्हणाली, "पाणी प्यालं की जावं लागतं. फडात चहूकडं गडी. जायचं कुठं?"

पहाटे चारला कोपीवरून, म्हणजे राहायच्या झोपडीवरून, निघताना प्यायचं नाही, दिवसभर घोट-घोट, अंधार पडला की मग प्यायचं. सगळ्याच बाया असं करतात. आणि आम्ही कागदावर 'भरपूर पाणी प्या' लिहून मोकळ्या झालो! खडा परत होऊ नये तर दिवसाला अडीच लिटर लघवी व्हायला हवी, म्हणजे उन्हात राबणाऱ्यानं त्याहून कितीतरी जास्त प्यायला हवं. हे आडोशाशिवाय होणार नाही. म्हाताऱ्या मुकादमांना फोन केला. त्यांनी फडाच्या कडेला चार बांबू आणि ताडपत्रीचा आडोसा करून द्यायचं कबूल केलं; फड बदलला की उचलून पुढं न्यायचा.

८ डिसेंबर

ताईचा स्टेंट निघाला. तिथल्या सरकारी दवाखान्यात, एकच खाडा पडला. तिच्या शब्दांत : "धा मिन्टं बी लागली न्हाईत. थोडं जळजळलं, दोन दिस उन्हाळी लागली. ह्याच्यासाठी एवढी भेत व्हते." आडोसा उभा राहिलाय. ती म्हणते, आता टोळीतल्या सगळ्याच बाया तिथं जातात. रकाना भरला.

१९ जानेवारी

एक नाव उघडंच आहे. तांड्यावरचा पंचविशीतला भाऊ, बेळगावकडं गेलेला. फोन बंद. टोळी बदलली म्हणतात. ऑपरेशन सप्टेंबरच्या सुरुवातीचं, म्हणजे स्टेंट आत ठेवायची तीन महिन्यांची मर्यादा ओलांडून गेली. स्टेंट आत राहिला की लघवीतले क्षार त्यावर बसतात, थर चढतो आणि नळीचाच खडा होतो. वाईट म्हणजे सुरुवातीचा त्रास पुढं अंगवळणी पडतो. माणसाला वाटतं बरं झालं, आणि आत किडनी हळूहळू तुंबत असते. त्याच्या आईला भेटले. तिला एवढंच माहीत की पोराचं ऑपरेशन झालं आणि तो कामाला गेला. तिच्याकडून दुसऱ्या मुकादमाचा नंबर मिळाला.

११ फेब्रुवारी

आगपेटीतल्या खड्यांचा रिपोर्ट आला : कॅल्शियम ऑक्झलेट. मामांना त्यांचे उरलेले तुकडे परत दिले.

लघवी मोजायचं काम गावात राहिलेल्यांबरोबर करून बघितलं. लिटरची बाटली कापून, तिच्यावर खुणा करून दिली. एका पूर्ण दिवसाची लघवी बहुतेकांची लिटरभराच्या आसपासच भरली, आणि हे फेब्रुवारीत. आकडा स्वतःच्या डोळ्यांनी दिसल्यावर दोघांनी शेतावर न्यायची घागर वाढवली. यातले निम्मे लोक दहा वर्षांत पुन्हा खडा घेऊन येऊ शकतात; एकदा झालेला माणूस कायमचा मोकळा होत नाही.

२९ मार्च

उद्या पाडवा. टोळ्या परतल्या. तांड्यावरचा भाऊही आला. दुसऱ्या मुकादमानं निरोप पोचवला होता, पण उचल फिटल्याशिवाय त्याला निघता आलं नाही. परवा अंबाजोगाईला नेलं. एक्स-रेत रेघ आता बारीक राहिलेली नाही; खालच्या टोकाला सुपारीएवढा पांढरा गोळा, वरही थर. ओढला तर नळी तुटेल किंवा मूत्रवाहिनी फाटेल, म्हणून आधी लेझरनं थर फोडायचा, कदाचित दोन टप्प्यांत. किडनीला सूज आहे, पण रक्ताच्या रिपोर्टवरून काम अजून चालू आहे, असं सर म्हणाले. ५ एप्रिलची तारीख मिळालीय. आईबरोबर मी जाणार आहे.

पुढच्या हंगामासाठी सरांशी बोलले. भरती होतानाच पेशंटला 'टोळी कधी निघणार?' हे विचारायचं आणि उत्तर केसपेपरवर लिहायचं, हे त्यांनी मान्य केलं. यूआरएस सरळ झालं, खडा पूर्ण निघाला, सूज नसली तर काहींना स्टेंट न घालताही चालतं; काहींना टोकाला दोरा ठेवलेला स्टेंट घालता येतो, तो आठवड्याच्या आत दोरा ओढून काढतात. ज्यांना घालावाच लागेल त्यांचं ऑपरेशन जुलैच्या आत व्हायला हवं. त्यासाठी कळ असलेल्यांची यादी आत्ताच, लोक गावात असताना करायची. सोनोग्राफीसाठी पहिलं गाव तांडाच घेतलाय, एप्रिलचा दुसरा आठवडा.